कितीला पडलं?

२०२४च्या जानेवारीत लेकीच्या बाळंतपणासाठी मी स्लावला गेले, तेव्हा विहीणबाई माझ्याआधी तीन आठवडे तिथे पोचलेल्या होत्या. स्लाव म्हणजे लंडनच्या पश्चिमेला, हीथ्रोवर उतरणारी विमानं डोक्यावरून जातात ते गाव. विहीणबाई डोंबिवलीच्या, मी पुण्याची. बाळाची अंघोळ, शेक, धुरी सगळं आटोपून ते झोपलं की सव्वाअकराच्या सुमारास त्या सोफ्यावर पाय वर घेऊन बसायच्या आणि बीबीसी लावायच्या. पहिल्या दिवशी मला वाटलं, बातम्या ऐकत असतील. तर पडद्यावर स्टोक-ऑन-ट्रेंटमधलं एक लाल विटांचं, ओल चढून काळवंडलेलं घर. स्वयंपाकघराचं छत खाली आलेलं, न्हाणीघरात शेवाळ.

"थांबा, आता आकडा येतो," विहीणबाई म्हणाल्या.

पडद्याच्या तळाशी आकडा आला : ६० हजार पौंड.

"एकशे पाचनं गुणा. त्रेसष्ट लाख. आमच्या गल्लीत त्रेसष्ट लाखांत टू बीएचके मिळत नाही आता. आणि याला मागे अंगण आहे बघा."

मी निवृत्त पत्रकार. निवृत्तीनंतरही तोंड गप्प बसत नाही. मार्चअखेरपर्यंत जो भेटेल त्याला मी एकच गोष्ट विचारत राहिले : तुम्ही हे घरांचे कार्यक्रम बघता का, आणि बघता तर कशासाठी? शेजारच्या आजी, मीटर बदलायला आलेला वीजतंत्री, लेकीच्या ऑफिसातली मुलं, तिला तपासायला येणारी नर्स, महाराष्ट्र मंडळात भेटलेली मंडळी. 'नाही बघत' म्हणणारे तिघे-चौघेच निघाले, आणि त्यांतल्या दोघांना कार्यक्रमांची नावं पाठ होती.

विहीणबाईंचा लाडका कार्यक्रम 'होम्स अंडर द हॅमर'. लिलावातली घरं. नोव्हेंबर २००३मध्ये मार्टिन रॉबर्ट्स आणि लूसी अलेक्झांडर या जोडीनं तो सुरू केला, पुढे डिऑन डब्लिन हा जुना फुटबॉलपटू त्यात आला. ठरलेला क्रम असतो. मोडकं घर दाखवायचं, मग लिलाव, हातोडा पडला की आकडा. मग ते घेणारा माणूस दारात उभा राहतो आणि त्याला विचारतात, घर आधी बघितलं होतंस का? तो म्हणतो, नाही. कायदेशीर कागद वाचलेस का? तोही नाही. इथे विहीणबाई रोज कपाळाला हात लावायच्या. "सातबारा न बघता जमीन घ्यायची, त्यातला प्रकार!" आणि खरंच तसंच आहे. इंग्लंडमध्ये लिलावात हातोडा पडला की सौदा पक्का. दहा टक्के जागेवर भरायचे, बाकीचे साधारण अठ्ठावीस दिवसांत. त्यानंतर परसात जपानी नॉटवीड नावाचं चिवट तण सापडलं आणि त्यापायी बँकेनं कर्ज नाकारलं, किंवा फ्लॅटच्या भाडेपट्ट्याची ऐंशीपेक्षा कमी वर्षं उरली आहेत असं कळलं, तर ते दुखणं घेणाऱ्याचं.

पुढे काही महिन्यांनी कॅमेरा परत येतो. भिंती पांढऱ्या, फरशी करडी, सगळीकडे तेच ते स्वयंपाकघर. गावातले दोन दलाल घर बघून आपापला भाव सांगतात, वजाबाकी होते, नफा जाहीर होतो. आणि निवेदक एक वाक्य पटकन उरकून टाकतो : हा आकडा कर आणि इतर खर्च वजा करण्यापूर्वीचा.

मीटरवाल्यानं नेमकं तेच वाक्य पकडलं. तो मूळचा जालंदरकडचा, जन्म साउथॉलचा. त्यानं स्वतः अशी दोन घरं घेऊन विकली होती. चहा घेता घेता म्हणाला, त्या माणसानं सहा महिने सुट्टीच्या दिवशी स्वतः राबून भिंती घासल्या, मेव्हण्याकडून नळ बसवून घेतले, त्याची मजुरी कुठे धरली? मुद्रांक शुल्क, वकील, कर्जाचं व्याज, दलालाची दलाली कुठे गेली? आणि दलालानं सांगितलेला भाव म्हणजे विकलं गेलेलं घर नव्हे. मी विचारलं, मग बघतोस कशाला? तो म्हणाला, प्लास्टर बघायला. लोक किती वाईट प्लास्टर करतात ते बघून बरं वाटतं.

लेकीच्या ऑफिसातल्या मुलांचं कारण आणखी वेगळं. या कार्यक्रमाचा संगीत लावणारा माणूस शब्दाला शब्द जुळवून गाणी टाकतो. छप्पर गळकं असलं की पावसाचं गाणं, भिंत पाडायची असली की भिंतीचं. ही मुलं गाणं सुरू होण्याआधी ओळखायची पैज लावतात. डब्लिन जिना दिसला की हा जिना वर बेडरूमकडे जातो, असं गंभीरपणे सांगतो, त्याच्यावर तर अर्ध्या देशाचे विनोद झालेत. जिना आणखी कुठे जाणार! पण गेली वीस वर्षं इतके लोक कामधाम सोडून जे बघतात ते निव्वळ गाण्यांसाठी असेल, हे मला पटलं नाही.

कारण हळूहळू ध्यानात आलं, ते शेजारच्या आजींमुळे.

आजी एकट्या राहतात, वय अठ्ठ्याहत्तर. नवरा स्लावच्या कारखान्यात होता, तो जाऊन नऊ वर्षं झाली. घर 'सेमी', म्हणजे एक भिंत शेजाऱ्याशी सामाईक असलेलं जुळं घर. (तिथे 'टेरेस' म्हणजे गच्ची नव्हे, एकमेकांना चिकटलेली घरांची रांग. हे समजेपर्यंत मी आठवडाभर प्रत्येक टेरेस हाउसवर गच्ची शोधत होते.) आजी सकाळी लिलाव बघतात, दुपारी 'एस्केप टू द कंट्री', मग 'अ प्लेस इन द सन', रात्री काही असलं तर तेही. मी त्यांना आपल्या सवयीनं विचारलं, तुमचं घर कितीला पडलं होतं? आजींनी चहाचा कप बशीत ठेवला. "फार नव्हती किंमत तेव्हा," एवढंच बोलून खिडकीबाहेरच्या पक्ष्यांकडे वळल्या.

घरी आल्यावर लेक रागावली. "आई, असं विचारत नाहीत इथे."

आपल्याकडे घर घेतलं की वास्तुशांतीच्या जेवणात, श्रीखंडाच्या वाटीवर, चुलतसासऱ्यापासून कुरियरवाल्यापर्यंत सगळे विचारतात : कितीला पडलं? त्यात वाईट काही नसतं, खरं उत्तर मिळेल अशी अपेक्षाही नसते. इंग्रज माणूस पगार विचारत नाही, घराचा भाव विचारत नाही. पण कुतूहल त्यालाही आपल्याइतकंच. मग त्याच्या वतीनं हे टीव्ही विचारतो. तळाशी आकडा आला की अख्खा देश सुटकेचा श्वास टाकतो. तिकडच्या वर्तमानपत्रांनी या प्रकाराला 'प्रॉपर्टी पॉर्न' असं नाव दिलं आहे. नाव असभ्य असेल, पण चोरून बघण्याची त्यातली गोष्ट नेमकी आहे.

गंमत म्हणजे जे तोंडानं विचारायचं नाही, ते सरकार फुकट सांगतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये विकल्या गेलेल्या घराची किंमत लँड रजिस्ट्री जाहीर करते, दारावरच्या क्रमांकासकट. लेकीनं ते फोनवर दाखवलं त्या दिवशी विहीणबाईंना लॉटरी लागल्यासारखं झालं. समोरचं लाल दाराचं घर २००२मध्ये कितीला गेलं, परत २०१६मध्ये कितीला, कोपऱ्यावरचा पोर्शेवाला किती मोजून आला. अख्ख्या रस्त्याची कुंडली त्यांनी दोन दुपारीत काढली. "आणि हे लोक एकमेकांशी हवापाण्याच्या गप्पा मारतात!"

या कार्यक्रमांचा मूळपुरुष म्हणावा असा 'लोकेशन, लोकेशन, लोकेशन' चॅनल फोरवर २०००च्या मे महिन्यात आला. कर्स्टी ऑलसॉप आणि फिल स्पेन्सर हे दोघे त्याआधीपासून पैसे घेऊन लोकांना घरं शोधून देण्याचा व्यवसाय करत होते. एका भागात दोन गिऱ्हाइकं. अमुक इतके पैसे, तीन बेडरूम, बाग, शाळा जवळ, स्टेशन चालत. मग फिल त्यांना सांगतो की एवढ्या पैशांत यांतल्या दोनच गोष्टी मिळतील. चार घरं बघतात, पबमध्ये बसून आकडेमोड करतात, दलालाला फोन लावतात, तो नाही म्हणतो, थोडे वाढवतात. पुष्कळदा काहीच ठरत नाही. मला हा कार्यक्रम बाकीच्यांपेक्षा प्रामाणिक वाटला तो या न ठरण्यामुळे. चौरस फुटांचा मात्र त्यात कुठे उल्लेख नाही. इंग्रज घर बेडरूमवर मोजतो. कार्पेट, बिल्टअप, सुपर बिल्टअपच्या आगीतून निघालेल्या आपल्या माणसाला हे अजब वाटतं. त्यांच्या 'तिसऱ्या बेडरूम'मध्ये कित्येकदा खाट आडवी लावली की दार उघडत नाही.

तो कार्यक्रम आला त्या वर्षी ब्रिटनमध्ये सरासरी घर ८० हजार पौंडांच्या आसपास होतं. २०२२च्या उन्हाळ्यात तो आकडा पावणेतीन लाखांशी पोचला. कार्यक्रम तोच, माणसं तीच दोन, थोडी जाड आणि थोडी पांढरी झालेली, आणि समोरचा प्रेक्षक पार बदललेला.

हे मला दाखवलं लेकीच्या एका सहकाऱ्यानं. तिशीतला इंग्रज मुलगा, चार जणांबरोबर घर वाटून राहतो, एका खोलीचं भाडं भरतो. तो जुने भाग शोधून बघतो. म्हणाला, जुन्या चित्रपटात लोक विमानात सिगारेट ओढतात ते बघून कसं वाटतं, तसं मला २००१चे भाव बघून वाटतं. एक शिक्षिका आणि एक बसचालक लंडनमध्ये घर बघायला निघालेत, आणि त्यांना कुणी हसत नाही! कपडे, केस, भिंतीचे रंग हे तर जुने झालेच आहेत, पण खरा जुना झालाय तो तळाचा आकडा.

याच मुलाला २०२२च्या फेब्रुवारीतलं ऑलसॉपबाईंचं बोलणं शब्दन्‌शब्द आठवत होतं. 'संडे टाइम्स'ला दिलेल्या मुलाखतीत त्यांनी तरुणांच्या खर्चावर बोट ठेवलं होतं : बाहेरची कॉफी, व्यायामशाळा, नेटफ्लिक्स. आणि घर परवडत नसेल तर स्वस्त गावात जा, असंही सुचवलं. स्वतः एकविसाव्या वर्षी घर घेताना त्यांना घरच्यांची मदत होती. देशभर गदारोळ झाला. मुलानं माझ्यासमोर कागदावर हिशेब मांडला. नेटफ्लिक्सचे महिन्याला दहा पौंड, वर्षाला एकशेवीस. पावणेतीन लाखांच्या घराला दहा टक्के म्हणजे सत्तावीस हजारांवर हातात हवेत. सत्तावीस हजारच धरले तरी सव्वादोनशे वर्षं. "मी हप्ता भरायला तयार आहे," तो म्हणाला, "माझं भाडं हप्त्यापेक्षा जास्त आहे."

संक्रांतीनंतर आम्ही लंडनच्या महाराष्ट्र मंडळात तिळगुळाला गेलो. १९३२मध्ये स्थापन झालेलं हे मंडळ, आता त्याची वास्तू डॉलिस हिलला आहे. तिळगुळ घेतला आणि गोड बोलायचं बाजूला राहून याच विषयावर वाद पेटला. एक निवृत्त डॉक्टर, १९७१मध्ये आले, हॅरोला घर घेऊन आयुष्य काढलं. त्यांचं मत पक्कं. "आम्ही काटकसर केली. सुरुवातीची वर्षं जुना ओव्हरकोट घालून काढली. व्याजाचा दर तर १९८९ साली पंधरा टक्क्यांना टेकला होता, तुमच्या सव्वापाचचं काय कौतुक सांगता? ऑलसॉपबाई बोलली त्यात चूक काय?"

नाशिकचा एक संगणकवाला त्यांना शांतपणे म्हणाला, "काका, पंधरा टक्के खरे. पण कशावर पंधरा टक्के?"

त्याचं म्हणणं आकड्यांत असं आहे. १९९७मध्ये इंग्लंडमधलं मधलं घर तिथल्या मधल्या वार्षिक पगाराच्या साडेतीन पटीला मिळत होतं. २०२१मध्ये ती पट नऊच्या आसपास गेली. डॉक्टरकाका गप्प झाले असं नाही, मराठी मंडळात कोणी गप्प होत नाही. पण त्यांची पत्नी इतका वेळ गुळपोळ्या वाढत होती, ती मध्येच बोलली : "आपल्या मुलाला डिपॉझिट आपणच दिलं ना? मग?" यावर काकांनी तूप मागून घेतलं.

'होम्स अंडर द हॅमर' सुरू झाला त्या २००३ साली इंग्लंडमधली शंभरांतली सुमारे एकाहत्तर कुटुंबं स्वतःच्या घरात राहत होती. त्यापेक्षा वरचा आकडा ना आधी होता ना नंतर झाला. २५ ते ३४ वयाच्या लोकांत तेव्हा शंभरांत एकोणसाठ जणांचं स्वतःचं घर होतं, दहा वर्षांनी छत्तीस-सदतीस. म्हणजे कार्यक्रम जन्मला तेव्हा बघणाऱ्यांतले बहुतेक जण घरमालक होते. पडद्यावरचा भाव वाढला की त्यांना तो आपल्याच घराचा वाढल्यासारखा वाटायचा. आता तोच आकडा बघून एक जण खूश होतो आणि त्याच सोफ्यावर बसलेली त्याची मुलगी दात चावते.

या कार्यक्रमांनीच भाव चढवले, असंही अनेकांनी मला सांगितलं. नर्सबाई तर त्यावर अडून बसल्या होत्या. मला ते मान्य नाही. १९८०च्या कायद्यानंतर कौन्सिलची, म्हणजे तिथल्या नगरपालिकांची, जवळजवळ वीस लाख घरं त्यांत राहणाऱ्या भाडेकरूंना सवलतीनं विकली गेली आणि त्यांच्या जागी तितकी नवी बांधली गेली नाहीत. १९९६पासून भाड्यानं देण्यासाठी घर घेणाऱ्यांना खास कर्जं मिळू लागली. २००९नंतर बारा-तेरा वर्षं व्याज जवळजवळ फुकट होतं. टीव्हीनं यातलं काही केलं नाही. त्यानं एवढंच केलं की राहायची जागा हा धंदा आहे, हे वाक्य चहाच्या टेबलावर आणून ठेवलं. लिलावात येणारी कितीतरी घरं एकेकाळची कौन्सिलचीच असतात, हे निवेदक सांगतोही, पण पुढचा प्रश्न विचारत नाही.

घराचा असा धंदा होतोय, हे ज्यांनी सर्वांत आधी ओळखलं त्या सेरा बीनी. त्यांचा 'प्रॉपर्टी लॅडर' २००१मध्ये चॅनल फोरवर आला. नवखी जोडपी नोकरी सोडून घर घेणार, डागडुजी करून विकणार. बीनीबाई सांगणार, जकुझी नको, कपाटं करा. जोडपं त्यांचं अजिबात ऐकत नाही, खर्च दुप्पट करतं, वेळ तिप्पट लावतं आणि शेवटी तरीही नफा कमावतं. कारण बाजारच चढत होता. शेजारच्या आजींना हा कार्यक्रम फार आवडायचा. "तिचा चेहरा बघायला," त्या म्हणाल्या. "सगळं चुकीचं करून माणूस बक्षीस घेऊन जातो आणि ती बिचारी हसून अभिनंदन करते."

मग सप्टेंबर २००७मध्ये नॉर्दर्न रॉक बँकेच्या दारात पैसे काढायला रांगा लागल्या. त्या शरद ऋतूत १ लाख ८४ हजारांच्या घरात असलेलं सरासरी घर २००९च्या आरंभी दीड लाखाच्या खाली आलं. आणि त्या वर्षी कार्यक्रमाचं नाव बदललं : 'प्रॉपर्टी स्नेक्स अँड लॅडर्स'. शिडीच्या जोडीला साप आले.

विहीणबाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या खूप हसल्या, कारण सापशिडी इंग्रजांकडे गेली ती आपल्याकडूनच. आपल्या मोक्षपटाचं जनकत्व परंपरा ज्ञानदेवांकडे देते. त्यात शिड्या सद्गुणांच्या, साप दुर्गुणांचे, आणि शेवटच्या घरात मोक्ष. इंग्रजांच्या पटावर शेवटच्या घरात थ्री-बेड सेमी. तीही सामाईक भिंतीची!

हे सगळं खरं असतं का, असं लोकांना विचारलं की उत्तर येतं, अमेरिकेतलं खोटं असतं, आमचं खरं. अमेरिकेत 'हाउस हंटर्स' हा कार्यक्रम १९९९पासून चालू आहे. तीन घरं दाखवायची, जोडप्यानं एक निवडायचं. त्यात भाग घेतलेल्या एका बाईनं २०१२मध्ये सांगून टाकलं की आमचं घर आधीच घेऊन झालं होतं, बाकीची दोन घरं ओळखीच्यांची होती, विकायला नव्हतीच. वाहिनीनंही नाकारलं नाही. चित्रीकरणाच्या वेळेचं गणित जमवायला खरेदीत बरीच पुढे गेलेली जोडपी घ्यावी लागतात, असा खुलासा केला. प्रेक्षक तुटले का? मुळीच नाही. तीन घरांतलं कुठलं घेणार यावर पैज लावणारे आजही पैज लावतात. न्यू जर्सीतल्या माझ्या मामेबहिणीचं यावरचं मत : "लग्न ठरलेलंच असतं, तरी दाखवायचा कार्यक्रम करतोच ना आपण?"

दाखवण्याच्या कार्यक्रमावरून 'एस्केप टू द कंट्री' आठवतो. २००२पासूनचा बीबीसीचा हा कार्यक्रम सगळ्यांत जास्त शिव्या खातो आणि तरी सगळे बघतात. शहरातलं घर विकून खेड्यात जायला निघालेलं, बहुधा निवृत्त जोडपं. खिशात सहा-सात लाख पौंड. त्यांना तीन घरं दाखवतात, त्यातलं एक 'मिस्टरी हाउस'. शेवटी तिन्ही सुंदर आहेत, विचार करून सांगतो, असं म्हणून ते परत जातात. विहीणबाईंचा इथे तोल जायचा. "पोहे खाऊन गेले! तीन स्थळं दाखवली, एक पसंत नाही. कारण काय, तर स्वयंपाकघरातून गाई दिसत नाहीत." शेजारच्या आजी याच जोडप्यांवर जास्त सभ्य शब्दांत, पण जास्त खोल रागावतात. त्या म्हणाल्या, ही माणसं खेड्यातली घरं घेतात आणि तिथल्या पोरांना शहरात यावं लागतं.

स्वतः बांधणाऱ्यांचा कार्यक्रम 'ग्रँड डिझाइन्स', केव्हिन मॅक्लाउड यांचा, १९९९पासून. 'घर पाहावं बांधून' ही आपली म्हण त्यांनी पंचवीस वर्षं चित्रित केली. त्यातला २०१९चा एक भाग तर लोक अंत्ययात्रेला गेल्यासारखा आठवतात. डेव्हन परगण्यात क्रॉइडजवळ कड्यावर एका माणसानं दीपगृहासारखं घर बांधायला घेतलं. वर्षांमागून वर्षं गेली, कर्ज डोंगराएवढं झालं, संसार मोडला, आणि कॅमेऱ्यासमोर सिमेंटचा सांगाडा उभा होता. पुढे २०२२मध्ये ते पूर्ण झालं आणि एक कोटी पौंडांना विक्रीला काढलं गेलं. वीजतंत्र्यापासून डॉक्टरकाकांपर्यंत सगळ्यांनी तो भाग बघितला होता. त्यावर कुणी विनोद केला नाही.

असा कार्यक्रम मराठीत का नाही, हे मी विहीणबाईंना विचारलं. रविवारी सकाळी आपल्या वाहिन्यांवर बिल्डरच्या जाहिराती मुलाखतीच्या वेषात येतात. त्यात स्विमिंग पूल असतो, गणपतीचं देऊळ असतं, 'रेल्वे स्टेशनपासून पाच मिनिटं' असतं. (कोणत्या वाहनानं, ते नसतं.) पण घेणारा माणूस कॅमेऱ्यासमोर उभा राहून भाव सांगतोय, असं कुठे नसतं. "कोण सांगेल?" विहीणबाई म्हणाल्या. "सांगायचा आकडा वेगळा, कागदावरचा वेगळा, नणंदेला सांगायचा त्याहून वेगळा." आता इंडेक्स टू संकेतस्थळावर बघता येतो, २०१७पासून महारेरा आहे, पुष्कळ उघडं झालंय. तरी कागदावरचा आकडा आणि खरा आकडा यांची दर वेळी गाठ पडतेच असं छातीठोक म्हणायची माझी हिंमत नाही. त्या बाबतीत इंग्रज पुढे. तोंड बंद, पण दफ्तर उघडं.

मार्चमध्ये लेक-जावई स्वतः घर बघायला लागले. बाळाला पोटाशी बांधून मीही दोनदा गेले. टीव्हीवर कर्स्टी आणि फिल निवांत कपाटं उघडून बघतात. इथे प्रत्येकाला पंधरा मिनिटं, आणि बाहेर पायरीवर पुढची तीन जोडपी उभी. दलाल मुलगा चोवीसचा, त्यानं स्वतः घर घेतलं नसणार. दुसऱ्या घरासाठी सगळ्यांकडून बंद पाकिटात शेवटचा भाव मागितला. यांनी मागितल्यापेक्षा आठ हजार जास्त लिहिले. घर दुसऱ्याला गेलं. आणि गेलं तरी गेलं असं नव्हतं म्हणे. इंग्लंडमध्ये करारांची अदलाबदल होईपर्यंत ना इसार, ना बंधन, कोणीही कधीही फिरू शकतो. शिवाय विकणाऱ्याला त्याचं पुढचं घर मिळायला हवं, त्या घरवाल्याला त्याचं. याला ते साखळी म्हणतात. एक कडी तुटली की सगळे जागच्या जागी. जावई चार दिवस 'साखळी तुटेल' या आशेवर होता. तुटली नाही. ते घर कितीला गेलं हेही त्यांना तेव्हा कळलं नाही, दफ्तरात नोंद चढेपर्यंत थांबावं लागलं.

निघायच्या आदल्या दिवशी मी शेजारच्या आजींना बेसनाचे लाडू द्यायला गेले. टीव्ही चालू होता, आवाज बंद. आजींनी लाडू बशीत ठेवला, अर्धा खाल्ला, आणि मी काही विचारलेलं नसताना म्हणाल्या, "साडेअकरा हजार. १९७६मध्ये. आम्हाला तेव्हा फार महाग वाटलं होतं."

घरी येऊन मी फोनवर त्यांच्या दाराचा क्रमांक शोधला. लँड रजिस्ट्रीची ती यादी १९९५पासूनची आहे. आजींच्या घरापुढे कुठलीच किंमत नाही.